वाकड्या मानेचा जावई

आमच्या घरी जावई आहे, पण मुलीचं लग्न झालेलं नाही. थांबा, ही बातमी अमरावतीभर व्हायच्या आत खुलासा करतो. जावई म्हणजे ससा. मुलीनं हौसेनं आणला, शिकायला अकोल्याला निघून गेली, आणि ससा आमच्या गळ्यात राहिला. चांगलंचुंगलं खायचं, काम काडीचं करायचं नाही, आणि मनासारखी कोथिंबीर नाही मिळाली तर पाठ फिरवून कोपऱ्यात बसायचं. अशाला वऱ्हाडात दुसरं काय म्हणणार? अधिक महिन्यात तर बायकोनं त्याला ओवाळलंही.

माझ्याबद्दलही एक सांगून ठेवतो. माझ्या तोंडात पावशेर गेला की पायली बाहेर येते. माझ्या गोष्टीतला साप वीस फुटांच्या खाली उतरत नाही. गल्लीला हे माहीत आहे, बायकोला तर लग्नाच्या पंगतीपासून माहीत आहे. डॉक्टरांना मात्र माहीत नसतं, आणि सगळं तिथंच अडलं.

त्या दिवशी सकाळी जावई उठला तो मान वाकडी करूनच. डावा कान जमिनीकडे, उजवा आभाळाकडे. आधी मला हसू आलं. "पाह्य वो, जावई रुसला," मी बायकोला म्हणालो. मग तो चालायला लागला आणि भोवऱ्यासारखा फिरत पडला, लोळत लोळत थेट भिंतीला जाऊन आपटला. उचलला तर त्याचं बुबुळ डावीउजवीकडे हलत होतं, थांबतच नव्हतं. समोर कोथिंबीर धरली. वास घेतला नाही. हसू तिथंच आटलं.

टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? आणि माझी जीभ सुटली. "साहेब, तीन दिवसांपासून अन्नाचा कण नाही पोटात! रात्रभर शंभर शंभर कोलांट्या मारते! असा किंचाळते का अख्खी गल्ली जागी राहते!"

डॉक्टरांनी सशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शांतपणे म्हणाले, "मग कायले त्याचे हाल करता? सुई देऊन टाकू. झोपल्यासारखा जाईल." आणि कपाटाकडे वळलेसुद्धा.

मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प झालो. बायकोनं टेबलावरचा ससा पदरात घेतला, "उद्या आणतो," म्हणाली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

रस्त्यावर येऊन मुलीला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "अकोल्याले आना, बाबा. इथं जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात सशाच्या डॉक्टरबाई आहेत. मी नंबर लावून ठेवते. दुपारी माझा पेपर हाये, सुटला का फोन करते. तोवर जावई..."

एसटीत बसलो. वेताच्या टोपलीत जावई, दोन्ही बाजूंनी टॉवेलाच्या वळकट्या, वरून ओलं फडकं, कारण ऊन असं होतं की रस्त्यावर भाकर टाकली असती तर फुगून वर आली असती. बडनेऱ्याच्या पुढं रस्ता खराब. एक खड्डा आला की टोपलीत धडपड व्हायची आणि बायको दोन्ही हात आत घालून त्याला दाबून धरायची. मध्येच तो दात करकर वाजवायचा. ससा दुखण्यानं दात खातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, मलाच शिव्या देतो आहे.

तेवढ्यात, पेपराला जायच्या आधी, मुलीचा फोन. एसटीच्या खडखडाटात मी ओरडून बोलत होतो. "हो, निघालो जावयाले घेऊन! मान पार खांद्यावर पडली पोरी! तो डॉक्टर म्हने सुई देऊन मारून टाका!"

गाडी चिडीचूप झाली. पुढच्या सीटवरची आजी पूर्ण वळली. "कोन्ता मुडदा म्हनते असं? जावयाले मारून टाका म्हने?"

"अमरावतीचा, आजी."

"आन् पोरगी कुठी हाये?"

"अकोल्याले. पेपर हाये तिचा."

"नवऱ्याची मान खांद्यावर पडली आन् हे पेपर देऊन राहिली?" आजीनं कपाळाला हात लावला. "जावई कुठी हाये मग?"

"हा काय, टोपलीत."

आजीनं टोपलीकडे असं पाहिलं, जणू जावयाचं काय काय उरलं असेल याचा ती हिशोब करत होती. बायकोनं फडकं बाजूला केलं. दोन लांब कान वर आले. मागून कंडक्टर म्हणाला, "काका, याचं हाफ फाडू का फुल?" अख्खी गाडी हसली. आजी हसली नाही. तिनं कानांच्या मधून एक बोट हळूच फिरवलं आणि म्हणाली, "जीव तो जीव हाये, बापा. मूर्तिजापूर आलं का फडकं पुन्हा ओलं करजा."

आम्ही केलं.

अकोल्याच्या डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी सशाचे कान आतून पाहिले, डोळ्यावर बॅटरी मारली. मग मला विचारलं, "वजन किती?"

"पाच किलो तरी असंल," मी म्हणालो. सवय हो, दुसरं काय.

"शेवटचं कधी खाल्लं?"

"तीन दिवस झाले, बाई. आन् रातभर शंभर..."

"डॉक्टरबाई," बायको मध्ये पडली. "यांच्या बोलन्याले चारनं भागत जा. काल संध्याकाळी खाल्लं त्यानं. मान आज सकाळी वाकडी झाली. आन् किंचाळला एकदाबी नाही, किंचाळले ते हेच." अमरावतीच्या सुईचंही तिनं सांगून टाकलं.

बाईंनी ससा काट्यावर ठेवला. भरला सव्वा किलो. पाचाला चारनं भागा, बरोबर तेवढाच.

बाई हसल्या नाहीत. "काका, औषध वजनावर असतं. पाच किलोचं औषध सव्वा किलोच्या सशाला गेलं असतं, तर त्या सुईची गरजच पडली नसती. आणि तीन दिवस उपाशी म्हटलं की कोणताही डॉक्टर आशा सोडणार."

मी काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

त्यांनी समजावून सांगितलं. एक तर कानाच्या आत खोल बिघाड, नाही तर मेंदूपर्यंत गेलेला बारीक जंतू. दोन्हींवर औषध आहे, महिनाभर द्यावं लागेल. मान कदाचित अशीच वाकडी राहील, पण वाकड्या मानेनं ससे मजेत जगतात. "आज मानेची काळजी सोडा, पोटाची करा. सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो. आता भरवायचं आणि वाट पाहायची. संध्याकाळपर्यंत लेंडी पडली पाहिजे."

"आन् नाही पडली तर?"

त्यांनी बिनसुईची सिरिंज माझ्या हातात ठेवली.

दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसलो. बाईंनी सांगितलेलं लेंडीचं बायकोनं मुलीला मोबाइलवर लिहून कळवलं. बायकोनं त्याला टॉवेलात लहान पोरासारखं बांधून मांडीवर घेतलं. गवताच्या खाद्याची पाण्यात कालवलेली हिरवी पेज मी ओठाच्या कडेनं थेंब थेंब सोडत होतो. घाई केली तर फुफ्फुसात जाईल, असं बाईंनी बजावलं होतं. पहिला घोट माझ्या पांढऱ्या शर्टावर आला. दुसराही. तिसऱ्याला जबडा हलला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता श्वास सोडला.

मग खाली पेपर अंथरून त्याला ठेवलं आणि बघत बसलो. माझ्या बारशाला सुद्धा माझ्याकडे कुणी इतकं टक लावून पाहिलं नसेल. सावली भिंतीवर चढली. जावई एका कुशीवर, वरचा डोळा आभाळाकडे, पोट दगडासारखं. पुन्हा भरवलं. पोट चोळलं. काही नाही. बायको बोलायची थांबली होती, आणि ती बोलायची थांबली की मला भीती वाटते.

"पडली!" मी ओरडलो.

"आवो, निंबोळी हाये ते," बायको म्हणाली. वरून पडलेली वाळकी निंबोळी तिनं उचलून फेकली आणि तोंड पदरात लपवलं. हसत होती की दुसरं काही, मी विचारलं नाही.

ऊन पार उतरलं. बाई एकदा येऊन पोटाला कान लावून गेल्या. तेवढ्यात जावयानं मागचा पाय ताणला, अंग आखडलं, आणि पेपरवर काहीतरी टपकन पडलं. मी वर झाडाकडे पाहिलं. मग खाली वाकलो. मग बायकोकडे पाहिलं. तिनं मानेनंच हो म्हटलं.

आणि फोन वाजला. मुलगी. धापा टाकत होती, पेपर सुटल्यासरशी पळत निघाली असावी.

"बाबा, खरं सांगा. मले सपष्ट सांगा. पडल्या का? किती?"

तोंडात पायली येऊन उभी होती. टोपलंभर, पोरी! ढीग लागला ढीग!

"एक," मी म्हणालो.

पलीकडून आवाज आला, नाक ओढल्याचा.

"कावून रडून राहिली वो?"

"तुमी एक म्हनले, बाबा," ती म्हणाली. "तुमी एक म्हनले म्हनजे पडली."

मान अजून वाकडीच आहे. त्याच मानेनं तो कोथिंबीर हुंगतो आणि नापसंत असली की पाठ फिरवतो. ती लेंडी सुपारीएवढी होती, असं मी आता गल्लीत सांगतो. सुपारीएवढी नव्हती. पण एकच होती.