करमाडच्या विहिरीतला बोया

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याआधी दोन वर्षं मी समुद्रात सोडायची यंत्रं बनवत होते.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघते. पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळांचा अभ्यास करणारी एक तुकडी आहे. त्यांनी आमच्याकडून सहा बोये करून घेतले होते. बोया म्हणजे मोठ्या कलिंगडाएवढा पिवळा, तरंगणारा गोळा. त्याच्याखाली लांब केबल, केबलवर पाण्याचं तापमान मोजणारे सेन्सर आणि ती ताठ राहावी म्हणून टोकाला वजन. वादळाच्या वाटेत जहाजावरून तो आधीच सोडून द्यायचा. मग तो उपग्रहामार्फत आकडे पाठवत राहतो.

तुकडीच्या प्रमुख एक बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "वादळ कुठं जाणार ते आता बऱ्यापैकी सांगता येतं. किती चिडणार, तिथं आम्ही अजून फसतो." वादळाला जोर मिळतो तो कोमट पाण्यातून. वरवरचंच पाणी कोमट असलं तर वादळ खालचं गार पाणी घुसळून वर आणतं आणि आपलं आपणच थंडावतं. पण खोलवर कोमट असलं तर संध्याकाळी साधं वाटलेलं वादळ सकाळी घरांची छपरं नेतं. उपग्रहाला वरचं पाणी दिसतं, खालचं दिसत नाही. ते सांगायला आमचे बोये.

त्यातले पाच बोये वादळ यायच्या आधीच, साध्या लाटांत गप्प झाले.

एक बोया जहाजाला परत सापडला. तो घेऊन मॅडम स्वतः शेंद्र्याला आल्या. टेबलावर उघडला तर आत खारं पाणी आणि हिरवी पडलेली तांब्याची तार. केबल गोळ्यात शिरते तो सांधाच उकलला होता.

"या सांध्याचं ड्रॉइंग कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले. वर बघायचं धैर्य झालं नाही.

त्यांनी ती तार नखानं खरवडून पाहिली. मग म्हणाल्या, "बरं. म्हणजे कुठं चुकलं हे शोधायलाही तुम्हीच योग्य."

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. आमच्या टाकीत चाचणीसाठी ठेवलेला असाच बोया महिनाभर बिनतक्रार चालला होता. पण टाकीतलं पाणी हलत नव्हतं. खोल पाणी हवं होतं आणि हिसके हवे होते. शनिवारी मी तो चाचणीचा बोया गाडीवर टाकून करमाडला घरी आणला आणि विहिरीवरच्या कप्पीला लटकवला.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना बप्पा म्हणतो, आजूबाजूच्या गावांत विहिरीत आणि बोअरमध्ये मोटारी सोडायचं काम करतात. ते येऊन उभे राहिले. त्यांनी वाकून केबल पाहिली.

"हे सगळं वजन वायरवर लटकवलंय व्हय?"

"मजबूत केबल आहे, बप्पा. तुटत नाही."

"तुटायचं कोण म्हणतंय? मोटार सोडताना आम्ही वजन दोरावर घेतो. वायर संगं ढिली सोडतो. वायरवर वजन आलं की ती जिथं आत जाते तिथंच उसवती. लई मोटारी जळाल्यात तशा."

मी तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसले. चार वर्षांचं इंजिनिअरिंग केलं होतं, आणि मोटारीच्या शेजारी ढिली लटकणारी वायर लहानपणापासून बघत आले होते.

त्याच दुपारी आम्ही वजन पेलायला दोर लावला. लाटांसाठी बप्पांनीच युक्ती काढली. विजेवरच्या कडबाकुट्टीचं चाक फिरेल तसा बोया वर-खाली होईल, असा चाकाच्या कडेला दुसरा दोर बांधला. आई म्हणाली, "म्हशींना काय घालू मग?" चाक आमच्याकडं होतं तोवर रोज तिनं विळ्यानं चारा तोडला, तोही बडबडत.

तिसऱ्या दिवशी वजनाचा दोर तुटला. गोळ्याच्या कडेवर घासून त्याचे धागे सुटले होते. माझं पुन्हा अवसान गेलं. बप्पांनी मात्र तुटलेलं टोक बोटांवर फिरवून पाहिलं. "घासतंय कुठं ते कळलं ना? झालं मग." त्या जागी आम्ही जाड रबरी पाइपाचा तुकडा चढवला. त्यानंतर चाक आठ दिवस फिरलं. मी गोळा उघडला आणि आत बोट फिरवलं. कोरडं होतं.

मॅडमना फोन करून मी सगळं सांगितलं, दोराची कल्पना कुणाची तेही. त्यांनी बप्पांना फोन द्यायला सांगितलं. बप्पा फोनवर नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि नंतर मला म्हणाले, "बाई नीट विचारती. गाठ कोणती मारली तेबी विचारलं तिनं."

नवे सहा बोये घेऊन मी बंदरावर गेले. समुद्र तेव्हा पाहिला. तो एका जागी ठरत नव्हता, आणि त्या शांत टाकीवर विसंबल्याचं मला नव्यानं वाईट वाटलं.

त्याच मोसमात वादळ आलं. ते किनाऱ्याकडं सरकत होतं तेव्हा मी शेंद्र्यात स्क्रीनसमोर बसले होते. एक बोया बंद पडला. पाच बोलत राहिले, वादळ डोक्यावरून जात असतानाही. दुपारी मॅडमचा फोन आला. "खालपर्यंत कोमट आहे. अंदाज करणाऱ्यांना कळवलंय, जोर वाढेल म्हणून." जोर वाढलाच. एका वादळानं काही सिद्ध होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण आलेखात जिथं आजवर रिकामी जागा होती तिथं आता पाच रेघा होत्या, असं म्हणताना त्यांचा आवाज हलका झाला होता.

त्यानंतर महिनाभरानं वर्कशॉपच्या फोनवर एक माणूस भराभर बोलू लागला. भाषा कुणालाच कळेना. शेवटी वेल्डिंगला असलेल्या ओडिशाच्या दादांना बोलावलं. ते ऐकत गेले आणि हसू लागले.

"मासेमारी करणारा आहे. जाळ्यात पिवळा गोळा आलाय, त्यावर आपला नंबर आहे. विचारतो, फुटणार तर नाही ना?"

नाही म्हणून सांगा, मी म्हटलं. काय आहे ते समजावून सांगा. दादा बराच वेळ समजावत राहिले. मग पलीकडून एक प्रश्न आला.

"विचारतोय, वादळ किती मोठं होणार ते याला आधी कळतं का?"

"अजून पूर्ण नाही म्हणावं. शिकतोय."

दादांनी ते सांगितलं. पलीकडचा माणूस दोन-चार शब्द बोलला.

"म्हणतो, गोळा घरात कोरड्या जागी ठेवलाय. पोरांना हात लावू देत नाही. सावकाश या."