बोटीवरची संकष्टी

कळवणला त्या सकाळी अशी थंडी होती, की कांदाचाळीतला कांदा निवडताना सविताबाईंची बोटं आखडत होती. सडका एकीकडं, कोंब आलेला दुसरीकडं. दुपारी मुंबईला निघायचं, तिथून विमानानं सिंगापूर आणि मग बोट. पण अर्धा ढीग टाकून उठणं बाईंच्या जिवावर आलं होतं. नवरा कारभारी तीनदा येऊन ओरडून गेला. "अगं, बोट काय आपली एसटी हाय का, हात केला की थांबायला?"

कारभारीचं खतं-औषधांचं दुकान. कंपनीचा माल भरपूर खपवला, म्हणून जिल्ह्यातल्या वीस दुकानदारांना बायकोसकट ही सहल मिळालेली.

बोटीवरच्या तिसऱ्या दिवशी संकष्टी आली. वीस वर्षांत कारभारीची एकही चुकली नव्हती. घरी उपासाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी असायची. इथं शंभर पदार्थ मांडलेले, पण कशात काय असेल कोण जाणे! गडी दिवसभर कोऱ्या, बिनसाखरेच्या चहावर राहिला. मधुमेहाच्या गोळ्या मात्र वेळेवर. सकाळची सकाळी, संध्याकाळची संध्याकाळी. गोळी बोटीच्या घड्याळानं, आणि ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. उपास सोडायचा तो मात्र कळवणच्या चंद्रोदयाला. "आपला गणपती तिकडचा हाय," तो म्हणाला. सविताबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवस मावळला. वरच्या डेकवर गाणी लागली आणि कारभारी झुलायला लागला. शर्ट घामानं भिजला, जीभ अडखळायला लागली. मनमाडचा दुकानदार राकेश हसला. "वहिनी, भाऊंनी आज गुपचूप घेतली वाटतं!"

"गप रे! माणूस सुपारी खात नाय, अन् दारू पितोय व्हय?"

बोटीवर कामाला असलेली दोन पोरं आली. त्यांनीही हसत हसत खोलीकडं बोट दाखवलं: झोपवा यांना. एकानं कारभारीचा दंड धरला. सविताबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. थंडगार! मागं एकदा दुकानात असाच गार पडला होता, तेव्हा गुळाच्या खड्यानं उठून बसला होता. आता झोपवला तर हा उठायचा नाही, हे त्यांना लख्ख कळलं.

इंग्रजी तर येत नाही. त्यांनी खांद्यावरची पदराची पिन उपसली, स्वतःच्या बोटाला टोचल्यासारखी केली आणि त्या पोराच्या तोंडाशी बोट नाचवलं. "शुगर! शुगर! डॉक्टर!" पोराचं हसू पळालं. तो वायरलेसवर बोलतच पळाला.

"राकेश, बघतो काय? साखर आण!"

चहाच्या टेबलावरच्या पुड्या राकेशनं ओंजळभर आणल्या. बाईंनी पेल्यात पाणी घेऊन बोटानंच साखर ढवळली आणि पेला नवऱ्याच्या ओठाला लावला. पण कारभारीनं दात आवळले.

"चंद्र... कुठाय चंद्र?"

"अहो, घ्या!"

"चंद्र नाय... निघाला."

आभाळ ढगांनी गच्च. सविताबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. डोलकाठीवर एक गोल, पांढराशुभ्र दिवा जळत होता. वीस वर्षांचं व्रत, आणि देवाच्या नावानं खोटं? मग गणपतीला मनातल्या मनात दटावून सांगितलं, पाप माझ्या खात्यावर.

"तो काय निघाला! बघा की वर!"

कारभारीनं मान उचलली. हात जोडले आणि घटाघटा पेला रिकामा केला.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, तोवर दुसरा पेला चालू होता. त्यांनी बोट टोचून यंत्रावरचा आकडा दाखवला: अठ्ठेचाळीस. एवढं साखरेचं पाणी पोटात जाऊनही! चाकांच्या खुर्चीत घालून त्याला खाली बोटीच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. तासाभरात गडी नीट बोलायला लागला. "चंद्र लय लवकर निघाला गं आज."

"समुद्रावर लवकरच निघतो," राकेश गंभीरपणे म्हणाला. हसू दाबता दाबता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी खोलीत परतल्यावर त्यांनी नवऱ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली आणि गोळ्यांची पाकिटं उचलून आपल्या पिशवीत टाकली.

"माझ्या गोळ्या कुठं नेती?"

"आता मी देईन तेव्हा. आधी खायचं, मग गोळी. उपासाच्या दिवशी डॉक्टर सांगतील तसं."

कारभारी खायला लागला. त्या न्हाणीत गेल्या, काल घामानं भिजलेला त्याचा बनियन एवढ्याशा बेसिनमध्ये चोळून काढला, घट्ट पिळला आणि वाळत घालायला दोरी कुठं सापडते का ते शोधू लागल्या.