बदलीचा अर्ज आणि बुजवलेली भोकं

गेल्या खेपेला माझ्या बदलीचा ऑनलाइन अर्ज आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या नेट कॅफेच्या मालकांनी भरला. मी दृष्टिहीन, संगीतशिक्षक. आमच्या संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या. मी सांगितलं, पहिली पसंती कोल्हापूर. त्यांनी परस्पर गारगोटी घातली. ऑर्डर हातात पडल्यावर मी जाब विचारला, तर म्हणाले, "सर, तिथली हवा लई झ्याक. गळ्याला मानवंल." त्या उपकारापायी मी चार वर्षं रोज एसटीनं गारगोटीला जातोय. गळा होता तसाच आहे.

यंदा अर्ज आपल्याच हातानं भरायचा असं ठरवलं. शेवटचा दिवस आला आणि घरचा कॉम्प्युटर नेमका दुरुस्तीला. मोबाइलवर तो अर्ज उघडेना. मग खिशात पेनड्राइव्ह टाकून त्याच कॅफेत दाखल झालो. पेनड्राइव्हमध्ये माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, वाचायला लागतं.

लावायला गेलो तर बोटांना भोकच सापडेना.

"बुजवलंय," मालक अभिमानानं म्हणाले. "सुताराकडची लांबी भरून. लोक पेनड्राइव्हमधनं व्हायरस आणत्यात. आता वाचणारी वेबसाइट पण मिळती की, सर."

कल्पना सुंदर होती. फक्त मला वाचून दाखवणारी वेबसाइट उघडायला आधी कुणीतरी पडदा वाचायला हवा होता. मालकांनी ती उघडून दिली. एक बाई गोड आवाजात स्वतःचंच पान वाचू लागली: स्वागत, सुविधा, जाहिरात. मग त्यांनीच अर्ज उघडून दिला आणि बाई गप्प. आपल्या पानाबाहेर त्या बोलत नसत. मागे आलो की पुन्हा स्वागत. तिसऱ्या स्वागताला मी हात जोडले.

"मी भरू काय?"

"नको."

"का वो?"

"गारगोटी."

मालकांनी टेबलाचा खण ओढला. मग स्क्रू-ड्रायव्हरनं काहीतरी खरवडल्याचा आवाज आला.

पेनड्राइव्ह बोलू लागला, खणखणीत, कारण कॅफेतला हेडफोन तुटका होता. माझी जन्मतारीख, अपंगत्वाची टक्केवारी, सगळं सगळ्यांनी ऐकलं.

"कोल्हापूरच घाला, पावणं," दाखला काढायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या. "म्हातारपणी एसटी कशाला?"

"हुपरी बी बरी हाय," कोपऱ्यातून एक आवाज आला. "माझी लेक तिथं दिलीया."

अशा जाहीर सभेत मी स्वावलंबी झालो. पहिली पसंती कोल्हापूर. दुसरी, त्या लेकीला मान देऊन, हुपरी. शेवटचं बटण मी दाबलं.

महिन्याभरानं ऑर्डर आली, हुपरीची. एसटी सुटली नाहीच. शिवाय बायकोसमोर नावं ठेवायला आता नेट कॅफेवालाही उरला नव्हता.