वहिनींचा रिव्हर्स

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वहिनी नमस्कार करायच्या. अगदी प्रत्येक. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर एक रीत आहे. समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, मग ओळख असो वा नसो. वहिनींना रीत मनापासून आवडली होती, फक्त ते बोट पसंत नव्हतं. "एका बोटानं कोणी रामराम करते का? समोरचा माणूस काय म्हणेल?" असं म्हणून त्या डावा हात छातीवर ठेवायच्या आणि मान चांगली झुकवायच्या. तेवढ्या क्षणात गाडी कुठे चालली आहे, हे फक्त देवाला आणि शेजारी बसलेल्या मला माहीत असायचं.

वहिनी म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. गॉलवेत एम.एस्सी. करायला आलो तेव्हा राहायला जागा मिळता मिळेना. शेवटी या नागपूरच्या जोडप्यानं आपल्या घरातली सगळ्यांत लहान खोली मला दिली. खोली एवढीशी की बॅग उघडायची तर आधी दार लावून घ्यावं लागे. वहिनींचे यजमान, दादा, वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीला, ईराला, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर पक्क्या गॉलवेच्या इंग्रजीत यायचं. मी पुण्याचा हे कळल्यावर वहिनींनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "जेवशील, का जेवूनच आला?" आणि मी तोंड उघडायच्या आत पान वाढलं. त्या पानातल्या रश्श्यानं मला तासभर बोलता येत नव्हतं.

वहिनी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी. इथे कोपऱ्यावरून वळवत गाडी मागे घेऊन दाखवावी लागते, आणि तिथे त्यांची गाडी फुटपाथवर चढायची. "माझ्या स्कुटीला रिव्हर्सच नव्हता रे," त्या सांगायच्या. "बारा वर्षं नागपुरात फिरली मी, मागे जायची वेळच नाही आली." चौथ्या खेपेला पास झाल्या आणि नव्या चालकाची लाल N ची पाटी गाडीवर लागली, पण भीती काही गेली नाही. दुकानात गेल्या की लांबच्या कोपऱ्यात, सरळ पुढे निघता येईल अशीच जागा शोधायच्या. दादा रोज सकाळी चालत कामावर निघण्याआधी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचे. प्रेमानंच करायचे. वहिनींना ते आवडायचं नाही, पण त्या रोज थँक्यू म्हणायच्या.

स्वयंपाकघरातल्या कपाटाला त्या इथल्यासारखंच 'प्रेस' म्हणायच्या. त्या प्रेसमध्ये तूरडाळीच्या डब्यामागे एक कागद होता. मला तो मेथी शोधताना सापडला. खेड्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे रोज जाऊन त्यांची देखभाल करायची, अशा नोकरीचा तो अर्ज होता. सगळा भरलेला, फक्त एक रकाना कोरा. 'आडरस्त्यांवर स्वतः गाडी चालवू शकता का?' नागपुरात वहिनी नोकरी करत होत्या, इथे सहा वर्षं घरात होत्या. माझ्या हातातला कागद त्यांनी काढून घेतला, पुन्हा डाळीमागे ठेवला आणि म्हणाल्या, "खोटं कशाला लिहू? एक मोठी चक्कर मारून येते आधी. एकटीच्या जिवावर. मग भरते."

ती चक्कर आमच्यामुळे घडली. मी आणि माझे वर्गमित्र संकेत आणि अनघा यांनी ऑक्टोबरातल्या एका शनिवार-रविवारी क्लिफ्डनच्या पुढे समुद्रकिनारी जायचं ठरवलं होतं. हॉस्टेल बुक झालं, यादी झाली, ग्रुपवर सूर्यास्ताचे फोटोसुद्धा टाकून झाले, आणि गाडी भाड्यानं देणाऱ्यानं आमची वयं ऐकून नकार दिला. आम्ही तिघं वहिनींच्या टेबलाशी सुतकी चेहऱ्यानं बसलो होतो. वहिनी कणीक मळत होत्या. मळता मळता म्हणाल्या, "मी नेते नं."

दादा चहा पिता पिता थांबले. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "जा. पण कुठं अडलं तर फोन कर. मी येतो कोणाची तरी गाडी घेऊन." वहिनींनी मान हलवली, पण कणकेवर जरा जास्तच जोर पडला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा मला लहानपणच्या सहलीसारखं झालं होतं. मागे अनघा, संकेत आणि मध्ये ईरा, पायाशी तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा, त्यावर शेंगदाण्याची चटणी. वहिनी गाडी चालवताना सगळं मोठ्यानं बोलायच्या. "आता आरसा पाहिला. आता गिअर टाकला. आता ही मेंढी पाहून राहिली माझ्याकडे, तिला जाऊ देऊ." डोंगर आले, तळी आली, दहा मिनिटं पाऊस, मग ऊन, मग एकदम दोन इंद्रधनुष्यं. संकेत खिडकीतून ओरडत होता, अनघा गात होती आणि वहिनी मोटारवाले, सायकलवाले, एक टपालवाला अशा सगळ्यांना नमस्कार करत चालल्या होत्या. इतकं हसलो की पुऱ्या क्लिफ्डनच्या आधीच संपल्या.

हॉस्टेलवाल्या बाईनं सांगितलेल्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता म्हणजे दोन दगडी भिंतींमधली फट होती. मधोमध गवत, दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं. बरंच आत गेलो आणि वळणावरून समोर ट्रॅक्टर आला. मागे ट्रेलर, ट्रेलरवर गवताचे गठ्ठे. त्याला मागे जाणं शक्यच नव्हतं. आमच्या मागे, पाव किलोमीटरवर, शेताच्या फाटकापाशीच काय ती गाडी बाजूला घ्यायला जागा होती.

वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. आरसा पाहिल्याचंही त्या बोलल्या नाहीत. ट्रॅक्टरवाले आजोबा खाली उतरले, खिडकीशी आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "विल आय डू इट फॉर यू, मिसस?" मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "वहिनी, द्या नं त्यांना. नाहीतर दादांना फोन लावू?" मोबाईल माझ्या हातात होता, नंबरही काढलेला होता. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"फोन ठेव," वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण असा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. "माझ्या गाडीला रिव्हर्स आहे. मीच नेते. तुम्ही पोट्टे उतरा अन् मागं पाहा."

आम्ही उतरलो. संकेत डावीकडे, मी उजवीकडे, अनघा मध्ये, आणि आपल्याकडे गल्लीबोळात जे होतं तेच सुरू झालं. "येऊ द्या… येऊ द्या… थोडं डावीकडे… येऊ द्या… बास, बास, बास!" गाडी दोनदा बंद पडली. एकदा आरसा भिंतीला घासला आणि वहिनींनी डोळे मिटून घेतले. आतून ईरानं आईला इथल्या बोलीत धीर दिला, "यू आर ग्रँड, मॅम. यू आर ग्रँड." वहिनींनी डोळे उघडले, पुन्हा गाडी सुरू केली. आजोबा ट्रॅक्टर सोडून समोरून चालत येत होते. त्यांना आमची हाक एव्हाना पाठ झाली होती. तेही हातवारे करून ओरडायला लागले, "येव द्या! येव द्या!" वीस मिनिटं लागली असतील. शेवटी मागचं चाक फाटकाच्या खडीवर चढलं आणि आम्ही तिघांनी एकदम "बाऽऽस!" असं केलं की शेतातल्या गाई दचकल्या.

ट्रॅक्टर शेजारून गेला तेव्हा आजोबांनी एक बोट उचललं. वहिनींचा छातीवर ठेवायला एकही हात मोकळा नव्हता, दोन्हींनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. मग मान मागे टाकून त्या मोठ्यांदा हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "चला, समुद्र पाहायचा आहे नं?"

रविवारी संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. सरळ प्रेसकडे गेल्या, डाळीमागचा कागद काढला आणि उभ्याउभ्या तो रकाना भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा सवयीनं किल्ली घ्यायला गेले, तर किल्ली जागेवर नव्हती. वहिनी बाहेर गाडी काढत होत्या. दादा खिडकीत उभे राहून पाहत होते, आणि मी दादांना पाहत होतो. त्यांना आनंद झाला होता, आणि थोडं वाईटही वाटलं होतं.

पुढच्या वर्षी मला शॅननला नोकरी लागली. सामानासकट वहिनींनीच सोडलं. आता त्या रोज आडरस्त्यांनी चार म्हाताऱ्या माणसांकडे जात होत्या, त्यातल्या एकीला त्यांनी चटणीची चटक लावली होती. माझ्या नव्या घराच्या गल्लीत कचऱ्याची गाडी समोरून आली. मी सवयीनं दार उघडून उतरायला लागलो. "बस खाली," वहिनी म्हणाल्या. बोलता बोलता, म्हातारीची गोष्ट मध्ये न तोडता, त्यांनी गाडी मागे घेतली.

बॅगा उतरल्या, डबा हातात आला. निरोपाचं चांगलं चार वाक्यांचं भाषण मी रस्ताभर मनात जुळवलं होतं. ते सुरू करायच्या आतच "जेवत जा वेळेवर," एवढं बोलून त्या निघाल्या. गल्ली पुढे बंद होती, म्हणून गाडी वळवून पुन्हा माझ्या समोरून गेल्या. थांबल्या नाहीत. स्टिअरिंगवरून फक्त एक बोट वर आलं.

मी डबा खाली ठेवला, डावा हात छातीवर ठेवला आणि भर रस्त्यात मान झुकवली.