तिसरा नकार

पावसाळा सरत आला की डॉक्टर एलिया नवगावकर लूनावरून दारोदार माफी मागत फिरायचे. आखाडा बाळापूरला ते गुरांचे डॉक्टर होते. मूळ कोकणातले बेने इस्रायल, गावातलं एकुलतं एक ज्यू घर. किप्पूरच्या उपासाआधी वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा धर्म.

"कायची माफी, साहेब? तुमी तर मुंगीलाबी वाट देता," चहावाला म्हणायचा.

"देवाचं मी देवाशी बघतो. माणसाचं देव परस्पर मिटवत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गाव हसायचं. मला हसू येत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मेंढ्यांना देवीची साथ आली होती. भर बाजारात डॉक्टरांनी आमच्या मेंढ्यांच्या खपल्या लांबूनच पाहिल्या आणि माझ्या वडिलांकडे, नामदेव धनगरांकडे, बोट दाखवलं, "रोग या कळपातून आलाय." ती नुसती खरूज होती. ते कळेपर्यंत पंधरा दिवस गेले. तोवर खतासाठीही कुणी आमच्या मेंढ्या शेतात बसवून घेईना. वडिलांनी कळप मोडला, घरात तोंड लपवून बसले आणि वर्षभरात गेले.

वडील गेले त्या वर्षी डॉक्टर दारात आले. "अंबादास, माझं चुकलं. मला माफ कर."

"न्हाई," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी पुन्हा आले. "न्हाई. बोललात बाजारात, अन् माफी दारात मागून राहिले?" त्यांची मान खाली गेली. मला फार बरं वाटलं.

जाताना म्हणाले, "आमच्यात तीनदा मागायची असते. तिसऱ्यांदाही नाही म्हणालास तर मी सुटतो, ओझं तुझ्यावर येतं. म्हणून नीट विचार कर."

भल्या माणसाने हत्यारच माझ्या हाती दिलं. त्यांना तिसऱ्यांदा विचारूच द्यायचं नाही, असं मी ठरवलं. पुढची सात वर्षं लूना गल्लीत वळली की मी मागच्या दाराने पसार. एकदा तर तुरीत उकिडवा बसून राहिलो. त्यांचा उपास वाया चाललाय या आनंदात दरवर्षी त्यांच्या उपासाच्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खायचो.

मग पुन्हा देवी आली. बाजारात लोकांनी गोरेगावकडच्या एका धनगराला घेरलं. "साहेब, तुमी फकस्त बोट दाखवा." मी मुद्दाम पुढे जाऊन उभा राहिलो. ते चुकावेत, तेही सगळ्यांसमोर, एवढीच माझी इच्छा होती.

डॉक्टर मातीत बसले. एकेक मेंढी धरून तोंड, कास, शेपटीखालची कातडी पाहू लागले. "काहून येळ लावून राहिले?" लोक कावले. दुपार कलल्यावर ते उठले.

"या कळपात देवी नाही. याच जागी मी न बघता नामदेव धनगरांचं नाव घेतलं होतं. त्यांच्याही कळपात नव्हती. चूक माझी होती."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारू न देण्याचा बेत विसरून नकार माझ्या ओठांवर तयार होता. त्यांनी विचारलंच नाही. हात धुऊन निघून गेले.

निवृत्तीनंतर ते ठाण्याला गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या पत्नीने फोनवर कळवलं. मी विचारलं, "बाजारात तिसऱ्यांदा का नाही मागितली त्यांनी?"

"तुमच्या चेहऱ्यावर 'नाही' दिसत होतं म्हणे. विचारलं असतं तर मी सुटलो असतो आणि पोरगा अडकला असता, असं म्हणायचे."

मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. त्यांच्यात मेलेल्याचीही माफी मागता येते, त्या म्हणाल्या. दहा माणसं घेऊन कबरीपाशी जायचं आणि आपलं चुकलं ते त्यांच्यासमोर मोठ्याने सांगायचं. दरवर्षी पाऊस सरला की मी माणसं मोजतो. गावात माणसं कमी नाहीत, तरी नवापर्यंत येतो आणि थांबतो.