बंद डब्यांचा ठराव

आमच्या वारज्यातल्या सोसायटीत कचरा न्यायला एक मावशी यायच्या. पार्किंगच्या कोपऱ्यात जुनी चादर अंथरायच्या आणि घराघरांतून आणलेला कचरा तिथेच निवडत बसायच्या. प्रत्येक पुडी दाबून बघायच्या, शंका आली तर उघडायच्या. खाली गाड्या लावणाऱ्यांना याचा फार त्रास व्हायचा. वास यायचा, हे खरं. पण आपल्याच घरातला वास आपल्याला एवढा का झोंबतो, हे सोसायटीच्या सभेत विचारायची पद्धत नाही. मी सचिव होतो, तरी विचारलं नाही.

उलट ठेकेदार मीच शोधून आणला. बंद डबे, रोज सकाळी टेम्पो, गणवेशातली माणसं. खर्च जवळजवळ दुप्पट होणार होता. "स्वच्छतेची किंमत मोजावीच लागते," असं मी सभेत ऐटीत म्हणालो आणि ठराव मंजूर झाला. मावशींना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यांनी चादर झटकली, घडी घातली आणि म्हणाल्या, "बरं. पण दादा, आजींच्या पुड्या बघत जावा."

आजी म्हणजे माझी आई. तिला विस्मरण जडलं होतं. रात्रीचं जेवण झालं की ती कवळी काढायची, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळायची आणि ती पुडी कुठेही ठेवून द्यायची. बऱ्याचदा कचऱ्याच्या डब्यात. मावशींनी ती कवळी तीनदा परत आणून दिली होती, खालच्या नळावर स्वच्छ धुऊन. तिन्ही वेळा मी "थँक्यू" म्हणून दार लावून घेतलं होतं.

ठेकेदाराचं काम सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील. एका दुपारी आई भाकरीचा तुकडा तोंडात धरून नुसतीच बसलेली दिसली. बायकोने सगळं घर पालथं घातलं. शेवटी ती म्हणाली, "अहो, सकाळी डबा गेला." मी ठेकेदाराला फोन लावला. तो नम्रपणे म्हणाला, "सर, डबे थेट गाडीत रिकामे होतात. आमची माणसं कचऱ्याला हात लावत नाहीत." हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. त्याच्या माहितीपत्रकातून मीच ते सभेत वाचून दाखवलं होतं.

नवी कवळी करून घेतली. आई ती तोंडात ठेवू देईना. सगळं विसरणाऱ्या आईला "ही माझी नाही" एवढं मात्र पक्कं आठवत होतं. तेव्हापासून ती वरण आणि मऊ भातावर आहे. भाकरी दिसली की उचलते, बोटांनी चाचपते आणि ताटात परत ठेवते. मावशींच्या पोटावर पाय दिला होताच, आईच्या ताटातली भाकरीही माझ्याच ठरावाने गेली. मला याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मावशी पलीकडच्या गल्लीत दिसल्या. तीच चादर अंथरून बसल्या होत्या. मी दुसऱ्या बाजूने सटकणार होतो, पण त्यांनी पाहिलं.

"आजी बऱ्या हायेत ना? भाकरी खात्यात?"

"हो," मी म्हणालो.

त्यांना बरं वाटलं. मान हलवून त्यांनी समोरची पुडी उचलली आणि दाबून बघितली.