आधी डोळे तपास

कॅप्टन चिडला की त्याचा आवाज चढत नसे, खाली येई. इतका खाली, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. तो माझा चुलतभाऊ. आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. बारावीनंतर तो वैमानिक व्हायला मुंबईला निघाला, तेव्हाच गावाने त्याला ही पदवी देऊन टाकली.

तिथल्या पायलट अकॅडमीतल्या बाईंनी काकांना सांगितलं, "आधी प्रवेश घ्या. मेडिकल काय, नुसती फॉर्मॅलिटी." गोदीतून निवृत्त होताना मिळालेलं सगळं काकांनी तिथे भरलं. कॅप्टनने वर्षभर हवामान, दिशा, नियम घोकले, पेपरही सुटले. मग मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडे असतात. त्याला ते दिसेनात. रंगांधळा म्हणून तो बाद झाला. परसातल्या झाडावरची लाल मिरची त्याला लहानपणीही सापडत नसे. काकी म्हणायची, "कामचुकार हाय मेला!"

तो जाब विचारायला गेला, तर बाई हसून म्हणाल्या, "मग केबिन क्रूचा कोर्स घे ना!" त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. पाच मिनिटांची तपासणी. ती आधी केली तर फी भरणारं मूल हातचं जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कॅप्टन परत आला आणि महाडच्या एका कारखान्यात लागला. तेव्हापासून कुणी पोर 'पायलट' म्हणालं, की हा म्हणायचा, "आधी डोळे तपास, मग तोंड उघड." लोक म्हणत, स्वतःचं झालं नाही म्हणून जळतो. म्हणोत.

मी बारावीला असताना त्याच अकॅडमीने महाडात मार्गदर्शन मेळावा घेतला. मलाही पायलट व्हायचं होतं, म्हणून बाबा मला घेऊन गेले. बाई बोलत असतानाच मागून कॅप्टन उठला. "मॅडम, आधी मेडिकल की आधी फी?"

"प्रश्न शेवटी."

त्याने पुन्हा तेच विचारलं. आयोजकांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. त्यातला एक आमच्याच भावकीतला. कॅप्टन पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तोच प्रश्न विचारत राहिला. बाबा बाहेर येऊन त्याच्यावर खेकसले, "चारचौघांत घराण्याची लाज काढलीस!"

"माझी लाज जाऊ दे, काका. पोरीचे डोळे तपासलेत काय?"

बाबांनी हातातला प्रवेश अर्ज घडी करून खिशात घातला. मेडिकलला मला तोच घेऊन गेला. मी पास झाले, तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. पेपरांचा अभ्यास त्याने घरीच करून घेतला. मग आम्ही फ्लाइंग स्कूलं बघत हिंडलो. एका ठिकाणी विमानं पुष्कळ, पण बहुतेकांवर ताडपत्री. "ही उडवायला नाय, दाखवायला ठेवल्यात," तो म्हणाला. आम्ही लांबचं, पण रोज विमानं उडणारं स्कूल निवडलं. त्यासाठी मला प्रवेश परीक्षेची वाट बघावी लागली. त्या काळात तो आखातात नोकरीला निघून गेला. एसटीत चढताना एवढंच म्हणाला, "घाई करू नको गो."

पहिल्यांदा एकटीने विमान उडवून उतरले, तेव्हा मी त्याला फोन केला. उतरताना वारा कुठून होता, ते त्याने विचारलं. मग आवाज खाली आला. "तुझ्याकडं नवी पोरं आली असतील. मेडिकल झालंय सगळ्यांचं?"

थिअरीच्या वर्गात नुकती आलेली नांदेडची एक मुलगी शेजारीच उभी होती. तिचं राहिलं होतं. 'नंतर करू' असं आमच्याही ऑफिसने तिला सांगितलं होतं. मी ते त्याला सांगितलं.

"तिला फोन दे."

ती फोन कानाला दाबून, वाकून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. डॉक्टरांच्या दारात बसली होती.